तीनदा नाव विचारणाऱ्या हॉस्पिटलमधून पळू नका

‘ऑपरेशनआधी नाव तीन-तीनदा विचारत असतील तर त्या हॉस्पिटलमधून पळा, त्यांना पेशंटच माहीत नसतो. चांगल्या सर्जनला चेकलिस्ट लागत नाही. नर्स डॉक्टरला अडवते तिथे शिस्त नसते. चुकांचं रजिस्टर ठेवणारं हॉस्पिटल चुकाच करतं.’ हा मेसेज माझ्या आत्यापर्यंत पोचला. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या दिवशी तिने सिस्टरांना ‘फाईलमध्ये बघा’ म्हणून गप्प केलं आणि कोणता डोळा ते दाखवायला उजव्या भुवईवर काढलेला पेनाचा बाण पदराने पुसून टाकला. मी स्वतः ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये काम करते. आता बोलतेच.

टेबलावर हिरवी चादर पडली की पेशंट म्हणजे भोकातून दिसणारा एक डोळा. चेहरा नाही, चष्मा नाही, कुंकू नाही. एका सकाळच्या यादीत दहा-बारा नावं, त्यात दोन शिंदे, दोघी सत्तरीच्या आणि दोघींच्या लेन्सचा नंबर वेगळा. ‘तुम्ही शिंदे ना?’ असं आम्ही मुद्दाम विचारत नाही. घाबरलेलं, कमी ऐकू येणारं माणूस कुठल्याही नावाला ‘हो’ म्हणतं. म्हणून नाव तुमच्याच तोंडून हवं, डोळा कोणता तेही तुमच्याच तोंडून. वॉर्डात, ओटीच्या दारात आणि टेबलावर वेगवेगळी माणसं विचारतात, कारण पहिल्याची चूक दुसऱ्याला सापडायला हवी.

चेकलिस्टचं म्हणाल तर ऑपरेशनच्या वेळी तपासायच्या १९ मुद्द्यांची जागतिक आरोग्य संघटनेची यादी दिल्लीसह ८ शहरांतल्या ८ हॉस्पिटलांत वापरून पाहिली गेली. निकाल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंत ११ वरून ७ वर. हॉस्पिटलं तीच होती, यादी नवी होती.

एक कबूल करावं लागेल. कॅनडातल्या ऑन्टारिओत ती सक्तीची झाल्यावर मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही, हे २०१४ मध्ये त्याच जर्नलने छापलं. ऑपरेशन संपल्यावर फॉर्म भरणारे मीही पाहिलेत. पण मग यादी मोठ्याने वाचायला लावा, फेकून काय देता?

नर्सने अडवायचं नाही म्हणे! १९७७ मध्ये स्पेनच्या टेनेरिफ बेटावर विमानतळाच्या धावपट्टीवर दोन जम्बो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. समोरचं विमान बाजूला झालं नाही का, ही शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती उडवून लावली. ज्याला धोका दिसला त्याने थांबवायचं, हुद्दा नंतर, हे विमानवाल्यांनी तिथून शिकून घेतलं.

राहिलं रजिस्टर. त्या दिवशी दारातल्या सिस्टरांना आत्याची भुवई कोरी दिसली, त्यांनी तिला आत घेतलंच नाही. फाईल, संमतीपत्र आणि आत्याचं उत्तर जुळल्यावर सर्जनने स्वतः बाण पुन्हा काढला. पाऊण तास गेला. काहीही बिघडलं नव्हतं, तरी ते रजिस्टरमध्ये लिहिलं गेलं. पुढच्या आठवड्यात तिथे न पुसला जाणारा मार्कर आला.