वॉशिंग्टन यांचे १७७५ चे छापील चित्र ‘समोर बसवून’ काढलेले नाही

जॉर्ज वॉशिंग्टन यांचे लंडनला छापलेले एक चित्र वारंवार फिरते. सोबतचा दावा असा: व्हर्जिनियाचा हा जमीनदार सेनापती झाला तेव्हा खरोखर असा दिसत होता, कारण व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गच्या अलेक्झांडर कॅम्पबेल यांनी प्रत्यक्ष पाहून चित्र काढल्याचे खालीच कोरले आहे आणि तारीखही दिली आहे.

आधी ‘प्रत्यक्ष पाहून’ हे तपासू. वॉशिंग्टन यांनी ४ मे १७७५ रोजी व्हर्जिनियातले आपले घर, माउंट व्हर्नन, सोडले. १५ जूनला फिलाडेल्फियात ब्रिटनविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकी वसाहतींच्या सैन्याचे सरसेनापती म्हणून त्यांची निवड झाली, २ जुलैला ते बोस्टनजवळ केंब्रिजला पोचले, आणि व्हर्जिनियात परतले ते थेट १७८१ मध्ये. मग विल्यम्सबर्गच्या चित्रकाराला सेनापती भेटला कुठे? चित्रावरची तारीख ९ सप्टेंबर, म्हणजे निवडीनंतर अवघे ८६ दिवस. त्यातले कितीतरी आठवडे बातमी जहाजाने अटलांटिक ओलांडण्यातच गेले असणार. सर्वांत भक्कम साक्ष खुद्द वॉशिंग्टन यांची आहे. ३१ जानेवारी १७७६ रोजी आपले सहकारी जोसेफ रीड यांना त्यांनी लिहिले की, या कॅम्पबेलना आपण कधी पाहिल्याचे आठवत नाही. चेहऱ्यावर दरारा मात्र कॅम्पबेलनी भरपूर चढवला आहे, असेही त्याच पत्रात आहे.

तारखेचे कारण कायदेशीर आहे. ब्रिटनच्या १७३५ च्या कायद्यानुसार नकलेपासून संरक्षण हवे तर प्रसिद्धीची तारीख आणि मालकाचे नाव छपाईच्या पत्र्यावर कोरावे लागे. इथे ते नाव सी. शेफर्ड आहे. चेहरा खरा असल्याची हमी त्यात नाही. पत्रा पुढे पुन्हा छापला, तरी तारीख तीच उमटते.

‘रेषा कोरून काढलेले, म्हणून बारकावे अचूक’ हेही चूक. हे मेझोटिंट आहे. दातेरी, गोलसर धारेचे हत्यार तांब्याच्या पत्र्यावर सगळीकडून झुलवून तो खरबरीत करतात. तसाच छापला तर मखमली काळा ठसा येतो. मग जिथे उजेड हवा तिथे खरवडतात, घासून गुळगुळीत करतात. खरबरीतपणा दाबाने लवकर झिजतो, म्हणून उशिराच्या प्रतींत काळा रंग करडा पडतो आणि चेहऱ्याच्या छटा सपाट होतात. आपल्या प्रतीवर दहापट भिंगाखाली समान अंतरावरचे ठिपके दिसले, तर ती फोटोवरून केलेली बरीच नंतरची छपाई आहे.

समोर बसवून काढलेला चेहरा हवा असेल तर चार्ल्स विल्सन पील यांचे १७७२ चे तैलचित्र पाहा. ते माउंट व्हर्ननला काढले आणि त्यात व्हर्जिनिया रेजिमेंटचा गणवेश आहे.