फरक फक्त बॅजचा?
दोन गाड्यांची तुलना करताना ‘ताकद तेवढीच, म्हणजे जादा पैसे निव्वळ बॅजचे’, म्हणजे नावाचेच, हे तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. पोर्शे ९११ या स्पोर्ट्स कारचंच घ्या. ९९२ पिढीच्या, २०२४ च्या बदलांआधीच्या कॅरेरा आणि कॅरेरा टी या दोन आवृत्त्या, दोन्हींत तेच ३ लिटरचं ट्विन टर्बो इंजिन, तीच ३८५ पीएस (अश्वशक्ती) ताकद. पण टीमध्ये मागच्या सीट नाहीत, काचा पातळ, आवाज अडवणारं अस्तर कमी, सस्पेन्शन १० मिमी खाली आणि मॅन्युअल गिअरबॉक्स. ० ते १०० किमी वेग गाठायला ती पीडीकेवाल्या (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या) कॅरेराच्या मागेच पडते, बरं का! तरी चाकाखालून उडालेला खडा आपटला की टण्णकन ऐकू येतो, आणि वेग कमी असूनही गाडी जास्त पळतेय असं वाटतं.

टॉर्क (इंजिनाचा पीळ) किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो, गिअर रेशो काय, याबद्दल लेखात अवाक्षर नाही. नुसत्या पीएसवरून निकाल कसा लावता?