कंबर तलावाचं उत्पन्न किती?

परवा एका बैठकीत सोलापूर शहरातल्या बागा आणि तलावांच्या खर्चाचा विषय निघाला. कंबर तलावाचं नाव आलं तसं समोरच्या साहेबांनी कागद चाळला आणि विचारलं, "याचं उत्पन्न किती येतं ओ?" तिकीट नाही, म्हणून रकान्यात शून्य. लगेच पुढचा विषय. मला राग आला, अजून गेलेला नाही.

आदल्याच रविवारी तलावावर एक मावशी भेटल्या होत्या. लेक आणि दोन नातवंडांना घेऊन कुंभारीहून दोन रिक्षा बदलून आलेल्या. डब्यात कडक भाकरी, शेंगाचटणी. बोटांची पेरं तंबाखूनं तपकिरी झालेली. "सोमवारच्या बिड्यांची पानं कापायची राहिलीत, आता रात्री बसायचं," म्हणाल्या. जातायेताचं भाडं, पोरांची भेळ आणि ते रात्रीचं जागरण, एवढं सगळं त्यांनी दोन तासांच्या वाऱ्यासाठी मोजलं. आणि आमच्या कागदावर शून्य!

हा हिशोब मांडायची रीत जुनी आहे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचं मोल कसं काढायचं, हे अर्थशास्त्रज्ञ हॅरल्ड हॉटेलिंग यांनी 1947 साली एका पत्रात सुचवलं आणि 1959 मध्ये मॅरियन क्लॉसन यांनी ते प्रत्यक्ष आकड्यांवर करून दाखवलं. जागेभोवती नकाशावर वर्तुळं काढायची. आपल्याकडे पहिल्यात जुळे सोलापूर, मग नीलम नगर, मग कुंभारी, त्यापुढं मोहोळ, अक्कलकोट. प्रत्येक वर्तुळातून हजार माणसांमागे वर्षाला किती फेऱ्या होतात आणि एका फेरीला खर्च किती, ते पाहायचं. खर्च वाढत जातो तशा फेऱ्या घटत जातात, आणि त्यातूनच मागणीची रेषा मिळते. तलावाला चालत येणाऱ्या काकांना काहीच खर्च नाही, पण रिक्षाला पैसे पडले असते तरी त्यातल्या कित्येक फेऱ्या त्यांनी केल्याच असत्या. जेवढं मोजायची तयारी होती आणि जेवढं प्रत्यक्ष मोजलं, त्यातला हा फरक. अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं 'उपभोक्त्याचे संतोषाधिक्य' ते हेच. या सगळ्यांची बेरीज म्हणजे तलावाचं मोल.

एक गोष्ट मात्र मला अजिबात पटत नाही. प्रवासात गेलेल्या वेळाची किंमत बऱ्याचदा माणसाच्या मजुरीवरून, तिच्या एक तृतीयांश वगैरे धरतात. म्हणजे इंजिनिअरचा तास महाग आणि बिड्या वळणाऱ्या बाईचा कवडीमोल? सगळ्यांच्या तासाला एकच दर लावा. आठवड्यातून एकदा मोकळा श्वास घ्यायची गरज तिला जास्तच आहे.

नान्नज अभयारण्यातल्या माळढोक पक्ष्याचं मोलही या रीतीनं निघणार नाही. कधीही तिकडं न गेलेल्या माणसालासुद्धा तो जगावा असं वाटतं, त्याची फेरी कुठं मोजणार? तलावाचं तसं नाही. पाण्याला वास सुटला की लांबून येणारे आधी बंद होतात. स्वच्छतेच्या आधी आणि नंतर फेऱ्या मोजल्या तर साफसफाईवरचे पैसे वसूल झाले की नाही, तेही कळेल.

अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना हात जोडून विनंती, पोरांना वर्षभर तलावावर उभं करा. गड्ड्याच्या जत्रेचे दिवस सोडा, तेव्हा अख्खं शहर होम मैदानाकडं असतं. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी मात्र चुकवू नका. चारच प्रश्न विचारा: कुठून आलात, कशानं आलात, किती खर्च झाला, वर्षातून किती वेळा येता?

येत्या रविवारी संध्याकाळी पाचला मी वही घेऊन तिथं असेन. सोबत कोण येतंय, कमेंटमध्ये सांगा.