सहा दिवसांचं कसलं अधिवेशन?

आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्राला दोन वर्षं झाली, परिचारिका नाही. अडलेली बाई न्यायची तर चौदा किलोमीटर, तेही खड्ड्यांतून. आमदारांच्या मागे लागून लागून शेवटी विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, टाकून घेतला. यादीत छापून आला तेव्हा केवढा आनंद झाला होता! पण नंबर खालचा. प्रश्नोत्तराच्या तासात निम्मा वेळ गोंधळात गेला, चार-पाच प्रश्न झाले, तास संपला. आमचा पुकारलाच नाही. हातात पडलं ते छापील उत्तर. परिचारिका नाही हे खरे आहे काय? "हे अंशतः खरे आहे." विलंबाची कारणे काय? "प्रश्न उद्भवत नाही."

अहो, उद्भवत कसा नाही? आणि अंशतः म्हणजे काय, अर्धी परिचारिका आहे का तिथं? हे मंत्र्याला तोंडावर विचारायलाच सभागृह असतं ना! पण त्यासाठी ते भरायला तर हवं.

राज्यघटनेचं १७४ वं कलम एवढंच सांगतं, की एका अधिवेशनाची शेवटची बैठक आणि पुढच्याची पहिली यांत सहा महिन्यांचं अंतर पडू नये. वर्षात किती दिवस बसायचं, यावर अवाक्षर नाही. या पळवाटेचा फायदा सगळ्याच पक्षांनी घेतलाय, कुणी कुणाकडे बोट दाखवू नये. २०२० चं पावसाळी अधिवेशन दोन दिवसांत उरकलं. करोना होता, समजू शकतो. पण २०२४ चं नागपूर अधिवेशन? १६ ते २१ डिसेंबर. त्या अख्ख्या आठवड्यात मंत्री होते, खाती नव्हती! खातेवाटप झालं २१ तारखेला, कामकाज आटोपल्यावर. मग आरोग्याचं गाऱ्हाणं मांडायचं कुणापुढे? १९५३ च्या नागपूर करारात विदर्भाला शब्द दिला होता, वर्षातून एक अधिवेशन इथं होईल म्हणून. तो असा पाळायचा? लोक एसटीनं रात्रभर प्रवास करून नागपूरच्या यशवंत स्टेडियमला धरणं धरून बसतात, थंडीत कुडकुडतात, आणि निवेदन द्यायची पाळी येईपर्यंत सरकार मुंबईला परत.

राज्यघटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या वेंकटचलय्या आयोगानं २००२ मध्येच सांगून ठेवलंय: सत्तरपेक्षा कमी सदस्यांच्या सभागृहानं वर्षाला किमान ५० दिवस बसावं, मोठ्यांनी ९०. आपली विधानसभा २८८ ची. नव्वद दिवस म्हणजे काय फार झालं? शाळेतली पोरं त्याच्या दुपटीहून जास्त बसतात. आणि सभागृह बंद असलं की अध्यादेश काढायला २१३ वं कलम हाताशी आहेच. कायदा आधी, चर्चा नंतर, तीही पुरवणी मागण्यांच्या, म्हणजे सरकारच्या जादा खर्चाच्या मंजुरीच्या, घाईगर्दीत.

आमदारांच्या कार्यालयातून परवा फोन आला, "पुढच्या अधिवेशनात पुन्हा टाकू." गेल्या महिन्यात शेजाऱ्यांची सून वाटेतच जीपमध्ये बाळंत झाली. तिनं काय पुढच्या अधिवेशनापर्यंत थांबायचं होतं?