केबिन बॅग मापात बसली नाही, या आपल्या तक्रारीबाबत

सप्रेम नमस्कार.

आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. विमानात चढण्याच्या रांगेत बॅग मापाच्या चौकटीत बसली नाही, जादा पैसे भरून ती खालच्या सामानात द्यावी लागली आणि पॉवर बँक काढण्यासाठी सर्वांसमोर जमिनीवर बॅग उघडावी लागली, हे वाचून वाईट वाटले. आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल मी दिलगीर आहे. मात्र ‘केबिन बॅग म्हणून मोठी बॅग गळ्यात मारली, दुकानदाराला मापातले काही कळत नाही’ हे वाक्य मनाला लागले असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आपण दुकानात आलात तेव्हा आपल्या विमान कंपनीची मर्यादा ५५ × ३५ × २५ सेंटिमीटर आणि ७ किलो असल्याचे आपणच सांगितले होते. बॅगेच्या चिठ्ठीवर छापलेले माप अनेकदा केवळ बॅगेच्या मुख्य भागाचे असते, त्यात चाके व वरची मूठ धरलेली नसतात, आणि चौकटीत तर बॅग चाकांसकट घालावी लागते. म्हणून चिठ्ठीवर विश्वास न ठेवता मी प्रत्येक बॅग स्वतः टेप लावून मोजतो. आपली बॅगही आपल्यासमोर मोजली होती आणि चाकांसकट ती ५५ × ३५ × २३ भरली होती. आपणच लिहिले आहे की पहिले दोन प्रवास काही अडचण न येता झाले. मग तिसऱ्या खेपेला तीच बॅग वाढली कशी, या प्रश्नाचे उत्तर आपण अभिप्रायासोबत जोडलेल्या छायाचित्रातच आहे. बॅगेच्या मधोमध जी दुसरी चेन असते, ती त्यात पूर्ण उघडलेली दिसते. ती उघडली की बॅग सुमारे ५ सेंटिमीटरने फुगते, म्हणजे २३ चे २८ होतात. ही चेन परतीच्या प्रवासात, बॅग खालच्या सामानात द्यायचीच असेल तेव्हा वापरण्यासाठी असते. हे आपल्याला बॅग देताना दुकानातल्या मुलाने सांगायला हवे होते. त्याने सांगितले नसेल तर ती चूक आमची आहे आणि ती मी मान्य करतो.

परंतु जागा कमी का पडली, हेही सांगणे भाग आहे. महिन्यातून तीन-चार वेळा कामासाठी दोन-तीन दिवसांचा प्रवास असतो, असे आपण म्हणाला होतात, म्हणून मी सर्वप्रथम दोन चाकांची कापडी बॅग काढून दाखवली होती. तिची चाके तळाच्या कोपऱ्यांत आत बसवलेली असल्यामुळे उंची वाया जात नाही, खडबडीत रस्त्यावर ती चांगली चालते, किंचित जास्त भरली तरी दाबून चौकटीत जाते आणि लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक यांच्यासाठी पुढे स्वतंत्र कप्पा असतो. आपल्याला ती ‘जुन्या वळणाची’ वाटली आणि आपण चार चाकांची कडक कवचाची बॅग घेतलीत. अशी बॅग उभ्यानेच बोटाने ढकलता येते, गुळगुळीत फरशीवर हाताला तिचे ओझे जाणवत नाही, हे मलाही मान्य आहे. पण तिची चाके खाली बाहेर आलेली असतात आणि ५५ पैकी चार-पाच सेंटिमीटर तीच खातात. शिवाय ती मधोमध दोन भागांत उघडते, बाहेर कप्पा नसतो, त्यामुळे एक वस्तू काढायची तरी सगळी बॅग पसरावी लागते. रांगेत आपल्यावर नेमकी तीच वेळ आली. पॉवर बँक खालच्या सामानात चालत नाही हे आपण जाणताच. यातले बरेचसे मी त्या दिवशी बोललो होतो, पण आपला एक पाय दुकानाबाहेर होता आणि दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान होते. घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला मी अडवून धरत नाही. कदाचित धरायला हवे होते.

वजनाबाबत आपण काही लिहिलेले नाही, तरी सांगतो. ती रिकामी बॅग २.८ किलोची आहे, म्हणजे ७ किलोंत आपल्या सामानाला ४.२ किलोच उरतात. लॅपटॉप आणि बुटांचा जादा जोड त्यात घातला की कपड्यांसाठी फारसे काही राहत नाही. चेन उघडून जागा मिळते, वजनाची मुभा मिळत नाही.

आमच्यासारख्या लहान दुकानात नवे गिऱ्हाईक येण्याआधी हे अभिप्राय वाचते, म्हणून एवढे लांबले. यापुढे अशा चेनबद्दल प्रत्येकाला काही ना काही सूचना देण्याची व्यवस्था करू. आपण सवडीने बॅग घेऊन यावे. चेन बंद करून ती आपल्यासमोर पुन्हा मोजतो, आणि ५५ × ३५ × २५ च्या बाहेर एक सेंटिमीटर जरी भरली तरी बॅग ठेवून घेऊन पूर्ण रक्कम परत देतो. मापात बसली आणि तरीही आपल्याला ती कापडी बॅग हवी असेल, तर बदलून देण्याचे बघू. मात्र कवचावर चरे नसावेत.

आपला नम्र,
दुकानमालक