थेंब टाकून ‘फरक वाटत नाही’ म्हणणाऱ्यांसाठी

आज ओपीडीत एका काकांनी काचबिंदूचे थेंब आपणहूनच बंद केल्याचं सांगितलं. का, तर “काही फरकच वाटेना.” वर हेही ऐकवलं, “सशांच्या डोळ्यांत औषधं घालून काय मिळवलं हो तुमच्या शास्त्रज्ञांनी एवढ्या वर्षांत?” चौदावर आलेला डोळ्यातला दाब पुन्हा सव्वीसवर गेलेला.

फरक वाटणारच नाहीये, काका! नेहमीचा काचबिंदू दुखत नाही, खुपत नाही. आधी कडेचं दिसणं जातं आणि ती पोकळी मेंदू आपल्या पदरचं चित्र घालून बुजवून टाकतो. दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, त्यातला मेलेला एकही परत उगवत नाही. थेंब टाकायचा तो दाब उतरवून उरलेले राखायला. तीन महिन्यांत काहीच न वाटणं हाच त्याचा गुण.

आता सशांबद्दल. या प्रश्नाचं उत्तर देणारा माणूस होता लास्लो बिटो. जन्म 1934, हंगेरीतलं बुडापेस्ट. कम्युनिस्ट राजवटीने कुटुंबाला शहराबाहेर हाकललं, ह्याला सक्तीने कोळशाच्या खाणीत धाडलं. 1956 च्या उठावानंतर निर्वासित म्हणून अमेरिकेत पोचला, शिकला आणि कोलंबिया विद्यापीठात डोळ्याच्या आतल्या द्रवांवर काम करू लागला.

त्या काळी प्रोस्टाग्लँडिन, म्हणजे शरीरातच तयार होणारं एक रसायन, डोळ्याचा शत्रू समजलं जाई. ते टोचलं की डोळा लाल होतो, दाब चढतो, असंच सगळे धरून चालत. गोची सशातच होती. सशाचा डोळा भलता हळवा. जरा इजा झाली की रक्त आणि डोळ्याच्या आतलं पाणी (अश्रू नव्हे) यांमधला अडसर मोडतो, प्रथिनं आत शिरतात, दाब उसळतो. त्यात मात्रा भरमसाट. बिटोचा अभ्यास होता डोळ्यातून प्रोस्टाग्लँडिन बाहेर कसं वाहून नेलं जातं यावर. शरीराने त्याची एवढी व्यवस्था ठेवलीय, म्हणजे ते नुसतं विष नसणार, असा त्याचा होरा.

मग कार्ल कॅमरस या विद्यार्थ्यासोबत साधी गोष्ट केली. टोचायचं नाही, भूल द्यायची नाही; जाग्या सशाच्या डोळ्यात वरून थेंब टाकायचा आणि मात्रा उतरवत न्यायची. जास्त मात्रेत दाब आधी चढला आणि मग कितीतरी तास खाली राहिला. मात्रा पुरेशी कमी केल्यावर चढलाच नाही, नुसता उतरला. तो शोधनिबंध 1977 चा. ज्या सशाने सगळ्यांना फसवलं, त्यानेच सोडवलं, काका. सशांवर भागलं नाही म्हणून पुढे मांजरं झाली, माकडं झाली.

आणि यातून तयार झालेलं औषध बाजारात कधी आलं? 1996 साली. एकोणीस वर्षं!

कारण मूळ रेणू डोळा लाल करायचा, चुरचुरायचा. स्वीडनमधल्या उप्सालात, फार्माशिया कंपनीत, योहान स्टेर्नशान्ट्स आणि तिथल्या रसायनतज्ज्ञांनी रेणूच्या शेपटाकडे फिनाइल वलय, म्हणजे कार्बन अणूंचं एक कडं, बसवलं, जळजळ घटली. दुसऱ्या टोकाला एस्टर नावाचा रासायनिक तुकडा जोडला, म्हणजे रेणू कॉर्नियातून (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातून) पार होतो आणि तिथलीच एन्झाइम्स तो तोडून औषध मोकळं करतात. हेच लॅटॅनोप्रोस्ट. एका मिलिलिटरमध्ये 50 मायक्रोग्रॅम, थेंबात जेमतेम दीड. ते डोळ्याच्या आतल्या सिलिअरी नावाच्या स्नायूच्या तंतूंमधली जागा सैल करतं, आतल्या पाण्याला बाहेर पडायला दुसरी वाट मिळते. दाब साधारण पाव ते एक तृतीयांश उतरतो.

बरं, या संशोधनाला सरकारी अनुदान होतं आणि नफा कंपनीने कमावला, हे खरं. बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो, पापण्यांचे केस वाढतात, डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळा खोल दिसू शकतो, तेही खरं. पण त्याआधी काय होतं? टिमोलॉल, जे दमेकऱ्याला देता येत नाही. किंवा पायलोकार्पिन, दिवसातून चार वेळा, त्यात बाहुली आकसून संध्याकाळी अंधारी.

काकांवर आता राग नाही राहिला. घरात मुलगा-सून कामावर, मान मागे टाकून थरथरत्या हाताने बाटली दाबायची, निम्मं गालावर. हे त्यांना शिकवलं कोणी? आम्ही चिठ्ठी लिहितो आणि बेल वाजवतो.

तर नीट वाचा. लॅटॅनोप्रोस्ट असेल तर रात्री एकदाच, एकच थेंब. दिवसातून दोनदा टाकलं तर दाब जास्त उतरत नाही, उलट परिणाम कमी होऊ शकतो. खालची पापणी ओढून खोबण करायची, थेंब तिथे टाकायचा, बाटलीचं टोक पापणीला लावायचं नाही. डोळा मिटून नाकाकडचा कोपरा दोन-तीन मिनिटं बोटाने दाबून ठेवायचा, नाहीतर औषध नाकात उतरतं. दुसऱ्या औषधाचा थेंब असेल तर पाच मिनिटं थांबा, नाहीतर पहिला धुऊन निघतो. कॉन्टॅक्ट लेन्स आधी काढा, पंधरा मिनिटांनी लावा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये, फ्रीजरमध्ये नाही. उघडल्याची तारीख लेबलवर लिहा. लॅटॅनोप्रोस्ट असेल तर सहसा सहा आठवड्यांनी बाटली फेकायची, उरलं असलं तरी.

आई-वडील, भाऊ-बहीण यांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर दाब, नस आणि कॉर्नियाची जाडी तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढणं म्हणजे तपासणी नव्हे.

आणि कमेंटमध्ये ‘काचबिंदू मुळासकट बरा’वाल्या थेंबांची लिंक टाकणाऱ्याला ब्लॉक करणार आहे, मग तो नात्यातला का असेना.