कॅप्टन अमेरिका पहिल्यापासूनच हायड्राचा होता का?

‘कॅप्टन अमेरिका मुळातच हायड्राचा हस्तक निघाला, मार्व्हलने त्याला कायमचा खलनायक करून टाकला’ हा दावा आजही फिरतो. तो चुकीचा आहे. हायड्रा म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधली, नाझींशी नातं असलेली खलनायकी संघटना. मे २०१६ मधल्या ‘कॅप्टन अमेरिका: स्टीव्ह रॉजर्स’ या कॉमिकच्या पहिल्या अंकात स्टीव्ह, म्हणजेच कॅप्टन अमेरिका, आपल्याच साथीदाराला विमानातून ढकलतो आणि शेवटच्या पानावर म्हणतो, ‘हेल हायड्रा’. चाहते भडकले, आणि त्यांचा राग रास्तच होता. जो सायमन आणि जॅक कर्बी या ज्यू जोडीने घडवलेला हा नायक १९४१च्या पहिल्याच मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा लगावतो! पण दुसऱ्याच अंकात उलगडा झाला: खलनायक रेड स्कलच्या नादी लागून कोबिकने, म्हणजे मुलीचं रूप घेतलेल्या, वास्तव बदलू शकणाऱ्या कॉस्मिक क्यूबने, त्याचा भूतकाळच बदलला होता. २०१७ मध्ये ‘सीक्रेट एम्पायर’ या कथामालिकेच्या शेवटी खरा स्टीव्ह परतला.